मोरचुदातलं पाणी

२०२२ साल. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो आणि चाकणच्या एका प्लेटिंगच्या वर्कशॉपात तांब्याची टाकी माझ्या ताब्यात होती. पाण्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि तेजाब, म्हणजे अ‍ॅसिड, घालायचं, त्यात माल बुडवून तांब्याचा थर चढवायचा. पाचशे लिटरला मोरचुदाची दोन पोती, पन्नास-पन्नास किलोची. शाळा माझी चौथीपर्यंत. पण टाकीला काय कमी पडलंय ते मी रंगावरून सांगायचो. सव्वीस वर्षांत माझ्या टाकीतला माल कुणी परत पाठवला नाही. फुशारकी म्हणा हवं तर.

त्या वर्षी मोठ्या गिऱ्हाईक कंपनीनं नियम काढला. जो टाकी भरतो त्यानं हिशेब कागदावर मांडून दाखवायचा, नाहीतर टाकीला हात लावायचा नाही. मालकानं मला आठ दिवस दिले.

घरी, दापोडीला, सूनबाई सायन्सची पदवीधर. तिच्यापुढं वही धरायला मला दोन दिवस लागले. ती चांगली शिकवायची. तांबं साडेत्रेसष्ट, गंधक बत्तीस, ऑक्सिजन सोळा, तो चार वेळा. बेरीज एकशे साडेएकोणसाठ. हे झालं मोरचुदाच्या रेणूचं वजन, असं मी म्हणालो. ती म्हणाली, अजून पाण्याचे पाच रेणू धरायचेत. एका पाण्याचे अठरा, म्हणजे वर नव्वद.

मी हसलो. सव्वीस वर्षं हा खडा मी हातानं पोत्यातून काढतोय, कोरडा ठणठणीत. पाणी टाकीत असतं, ते नळाचं, ते कुणी तोलत नाही.

"बाबा, ते खड्याच्या आत असतं. दिसत नाही."

"न दिसणारं तू तोल," मी म्हणालो आणि वही मिटली. ती उठून आत गेली. सासऱ्याला किती वेळा सांगणार?

परीक्षेला कंपनीचा तरणा साहेब आला. बोलायला गोड. लिटरला पन्नास ग्रॅम तांबं पाहिजे, टाकी पाचशे लिटरची, तर मोरचूद किती? मी सगळ्यांसमोर कागदावर उतरवलं, एकशे साडेएकोणसाठ धरून. एकेक पायरी बरोबर. उत्तर आलं त्रेसष्ट किलो.

आकडा बघून मी पेन थांबवलं. दोन पोत्यांच्या जागी सव्वा पोतं. एवढ्यात टाकी फिकी पडणार, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण चूक कुठं आहे ते सापडेना. पुन्हा बेरीज केली, तेच आलं.

"काका, तुम्ही रोज किती टाकता?"

"दोन पोती."

"मग कागदावर हे काय?"

हात खरं सांगत होते, कागद खोटा, आणि तो कागद मीच लिहिलेला. साहेबानं शांतपणे पोत्यावरचं लेबल दाखवलं. तिथं रेणूचं वजन छापलेलं होतं, जवळजवळ अडीचशे. ती पोती मी हजारो वेळा फोडली असतील. फरक खड्यातल्या पाण्याचा, असं तो म्हणाला तेव्हा मी मान खाली घातली. आमच्यातलाच एक जण कुजबुजला, "दादांनी पाणी सोडलं राव," आणि दोघं-तिघं हसले. त्यांचा राग नाही आला. राग यायलाही अंगात काही उरलं नव्हतं.

मालक म्हणाला, वाईट वाटून घेऊ नका, उद्यापासून माल तारेला टांगायच्या कामावर या. पगार तोच. मी 'बरं' म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो. कामाच्या पँटच्या दुमडीत मोरचुदाचे चार खडे अडकलेले असतात, ते जुन्या पत्र्याच्या झाकणात घेतले आणि दारातल्या चुलीवर ठेवले. वर स्टीलची ताटली धरली. खडे निळ्याचे पांढरे होत गेले, आणि ताटलीला खालून थेंब धरले. बोट लावून बघितलं. पाणीच होतं.

सूनबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली होती. मी झाकण उतरवलं, जेवणाचा डबा घेतला आणि माल टांगायला निघालो.