कोरडा कान

माझा डावा कान लहानपणीच गेला होता. उजवा सतत वाहायचा, पण ऐकायचा. लग्नानंतर औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्याचं ऑपरेशन केलं, आतली हाड खाणारी गाठ काढली आणि नवा पडदा बसवला. कान कोरडा ठणठणीत झाला. हिंगोलीत मी आल्यागेल्याला ते सांगत सुटले.

आमच्याकडं कान कोरडा म्हणजे कान बरा. त्यामुळं वर्षभरानं डॉक्टर जेव्हा म्हणाले, "गाठ पुन्हा झाली का ते बघायला कान एकदा उघडू," तेव्हा माझं डोकंच फिरलं. ऐकणारा एकच कान, तो उगाच कापू देऊ? मी साफ नाही म्हटलं. मग त्यांनी न कापता बघायचा उपाय सांगितला, एमआरआय. मी तयार झाले ती त्यांची जिरवायलाच.

मशीनच्या आवाजाचा त्रास नको म्हणून तिथल्या बाईंनी माझ्या कानात स्पंजचे बोळे घातले. बाईंचे ओठ हलत राहिले, आवाज मात्र गेला. मी उजवा बोळा उपसून आवाज येतोय ना ते बघितलं, मगच तो पुन्हा घालू दिला.

फोटोत पडद्यामागं पांढरा ठिपका होता.

"पण कान तर कोरडा हाय!" मी ओरडलेच.

"नव्या पडद्यानं बाहेरची वाट बंद झाली. म्हणून वाहत नाही, आतल्या आत वाढतंय," डॉक्टर म्हणाले. "तसंच ठेवलं तर मेंदूपर्यंत जाईल. काढताना कदाचित ऐकणं जाईल."

ना दुखलं, ना ठणका लागला, आणि आत हे चालू होतं! सोबत नवरा होता. जवळा बाजार गावी कापडाचं दुकान लावून दिवसभर गिऱ्हाइकांना हाका मारणारा माणूस. तो एवढंच बोलला, "काढून टाक. न्हाई आलं ऐकू तर म्या खुणा करीन."

खुणा करतो म्हणे! मला असा राग आला त्याचा.

दुसरं ऑपरेशन झालं. काही दिवसांनी डॉक्टरांनी कानात भरलेली पट्टी काढली. नवरा समोर येऊन बसला. त्याचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा हलले. काहीच नाही. संपलं सगळं, असं वाटून मी त्याचा हात घट्ट धरला.

तेवढ्यात मागं नर्सच्या हातून ट्रे पडला आणि मी दचकले.

कान शाबूत होता. आवाज नवऱ्याचाच फुटत नव्हता.