लेओनोरचे निळ्या झग्यातले फोटो

मानोंग अनसेल्मोंच्या फोटो स्टुडिओच्या पायरीला लागून माझी एम्पानादा, म्हणजे सारण भरलेल्या मोठ्या तिखट करंज्या, तळायची गाडी असते. त्यामुळे त्यांच्याकडे कोण आलं, कोण गेलं, कोण रडत आलं आणि कोण नटून आलं, हे त्यांच्याआधी मला कळतं. गावात हल्ली लोक म्हणतात, "सगळ्यांचे फोटो जपले आणि स्वतःच्या बायकोचे हरवले." माझ्या गाडीवर उभं राहून, माझंच खाऊन कुणी हे बोललं की माझं डोकं फिरतं. मानोंग स्वतः काही बोलत नाहीत. मग मीच बोलते.

मानोंग म्हणजे थोरला भाऊ. ते अख्ख्या गावाचेच मानोंग आहेत. आमच्या पासुकिन गावातलं लग्न असो, बारसं असो की मयत, कॅमेरा त्यांचा. आमच्याकडे शवपेटीशेजारी सगळं घर ओळीनं उभं राहतं आणि फोटो काढतं, कारण निम्मं घर हवाईत असतं आणि त्यांना तेवढंच बघायला मिळतं. तो फोटो गेला तर दुसऱ्यांदा काढता येत नाही. हे मानोंगांना पुरतं ठाऊक. म्हणून मेमरी कार्डांच्या बाबतीत माणूस भयंकर सोवळा.

कॅमेरा बंद केल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. कार्ड काठोकाठ भरायचं नाही. फोटो वाईट आला तरी कॅमेऱ्यातच पुसायचा नाही, काय पुसायचं ते घरी. दोन ठिकाणी उतरवून, उघडून पाहिल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. आणि नवं कार्ड आणलं की आधी त्यात कचरा भरायचा: छप्पर, मांजर, माझी कढई, कढईवरचा धूर. पार भरलं की एकेक फोटो उघडून बघायचा, आणि सगळे शाबूत निघाले तरच ते कार्ड कामाला.

मी म्हणायचे, "मानोंग, माझ्या कढईचे जेवढे फोटो तुमच्याकडे आहेत तेवढे माझ्या नवऱ्याचे माझ्याकडे नाहीत."

"कढई हलत नाही, पुरिंग. तुझ्या नवऱ्याचा काय भरवसा?"

आतून लेओनोर हसायची. लेओनोर म्हणजे त्यांची बायको, माझी शाळेपासूनची मैत्रीण. गल्ल्यावर तीच बसायची आणि कार्डांची राखणही तीच करायची. लग्न-बारशाच्या कार्डांना तिच्या नखपॉलिशचा लाल ठिपका, मयताच्या कार्डांना काळी चिकटपट्टी. ही दोन तऱ्हेची कार्डं कधी एका डबीत यायची नाहीत. काळी कार्डं दाराबाहेर टांगलेल्या पिशवीत राहायची, घरात यायची नाहीत. हसू नका. आमच्याकडे नवरीची आई आधी विचारते, "कार्ड मेलेलं नाही ना?" ज्या कार्डात पेटीतला माणूस येऊन गेला त्यात जिवंत माणसाला घालायचं नाही. पुसून कोरं केलं तरी नाही. मानोंगांचा यावर किती विश्वास होता देव जाणे, पण त्यांनी नियम कधी मोडला नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी रोवेना. होनोलुलूत एका हॉटेलात खोल्या आवरते. गेली ती गेलीच, कारण कागदपत्रं पुरी झालेली नव्हती. एकदा तिथून बाहेर पाऊल टाकलं असतं तर परत आत घेतलं नसतं, आणि तिच्या पैशांवर इथलं औषधपाणी चाललेलं. दर रविवारी फोन करून नानांगशी, म्हणजे आईशी, आणि तातांगशी, म्हणजे बापाशी, बोलायची. चित्र दिसणारे फोन तेव्हा आमच्याकडे कुठे होते? नुसता आवाज. लेओनोरला तो रोग झाला, केस गेले, औषधांनी चेहरा सुजून भाकरीसारखा गोल झाला. फोनवर मात्र ती ठणठणीत आवाजात सांगायची, "बरी आहे गं. जाड झालेय जरा."

फोटोला मात्र साफ नकार. वर्षभर तिनं स्वतःच्या नवऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर तोंड दाखवलं नाही. रोवेनानं निळा झगा पाठवला, फोटो मागितला. झगा कपाटात, फोटोचं नाव नाही.

मग मे महिन्यात एक सकाळ अशी उगवली की लेओनोर आपण होऊन उठून बसली. पेज मागून घेतली. मला हाक मारून म्हणाली, "पुरिंग, तो केसांचा टोप आण. अन् लाली. आज काढू या फोटो. आज मी बरी दिसतेय की नाही?"

बरी दिसत नव्हती. पण डोळे तिचेच होते. मी गाडीवरची कढई उतरवली आणि धावले.

मानोंगांची तारांबळ उडाली. मे म्हणजे लग्नांचा महिना. सगळी लाल कार्डं भरलेली, आणि कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला. दुसऱ्यांची लग्नं पुसायची तर त्यांच्या बापजन्मात शक्य नव्हतं. रिकामं होतं ते एकच, काळ्या पट्टीचं. ते त्यांनी पिशवीतून काढलंसुद्धा. हातात धरून क्षणभर उभे राहिले आणि मग चटका बसल्यासारखं परत ठेवलं.

"घाला की," मी हळूच म्हटलं. "तिला काय कळतंय?"

"मला कळतंय ना," ते म्हणाले.

जत्रेची दुकानं अजून चौकात होती. तिथून त्यांनी नवं कोरं कार्ड आणलं. वरचं नाव चांगलं, पाकीट चकचकीत. त्यात कचरा भरून बघायला वेळ नव्हता. लेओनोरला बसवत नव्हतं, दुपारपर्यंत ती टिकेल की नाही कुणास ठाऊक. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न तपासलेलं कार्ड कॅमेऱ्यात सारलं. बायकोला मेलेल्या कार्डात घालायचं नाही, एवढ्याचसाठी.

रंगवलेल्या पडद्यासमोर खुर्ची टाकली. मी टोप विंचरत होते तोवर मानोंग उजेड जमवत होते, फोटो काढत होते. लेओनोर तशीच बसलेली, घरातल्या मळक्या गाऊनमध्ये, डोकं उघडं.

"ए, अजून नको!" तिनं हात वर केला. "हे पुसून टाक हं. माझ्या पोरीला असलं काही दाखवलंस तर वर जाऊनही तुझ्याशी बोलणार नाही."

"कॉम्प्युटर आला की पुसतो. कॅमेऱ्यात पुसत नाहीत."

"शपथ घे."

"शपथ."

मग टोप चढला, लाली लागली, निळा झगा अंगावर आला. झगा मोठा होत होता, मी पाठीमागून पिना लावल्या. तीनचाकीत घालून तिला समुद्रावर नेलं. तिकडे मीठ उकळणाऱ्या चुलींचा धूर होता, वारा होता. मानोंग फोटो काढतच सुटले. थांबवेना त्यांना. प्रत्येक फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर क्षणभर उमटायचा, ते धावत जाऊन तिला दाखवायचे, पुन्हा मागे पळायचे. लेओनोर बघून म्हणाली, "अगं बाई, मी आहे की अजून."

त्या दिवसानंतर ती अंथरुणातून उठली नाही.

कॉम्प्युटर परत आला तेव्हा मी गाडीवर होते. आतून काहीच आवाज येईना, म्हणून डोकावले. मानोंग पडद्याकडे बघत बसले होते. पडद्यावर राखाडी चौकोन, ओळीनं, खाली खाली सरकवत नेले तरी राखाडीच.

"कार्ड खोटं आहे," ते म्हणाले. "वर लिहिलंय एक, आत जागा मूठभर. मूठ भरली की पुढचं घेतल्यासारखं दाखवतं, ठेवत काही नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिले आलेत. उजेड बघायला काढलेले. पुढचं काही नाही."

समुद्र नाही. निळा झगा नाही. आहे ते उघडं डोकं, सुजलेला चेहरा, मळका गाऊन आणि वर केलेला हात. मला त्या जत्रेतल्या दुकानदाराची मान मुरगळावीशी वाटली. जत्रा केव्हाच उठली होती.

आतल्या खोलीतून लेओनोरची हाक आली, अगदी बारीक आवाजात. "पाठवलेस का रे फोटो?"

मानोंग उठून आत गेले. मी दारातच उभी राहिले.

"पाठवले."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, नानांग माझ्यापेक्षा तरुण दिसतेय."

"लबाड पोरगी," लेओनोर म्हणाली आणि डोळे मिटून हसली. पुढच्या रविवारच्या आत ती गेली. रोवेनाशी तिचं बोलणं झालंच नाही.

दारात मयताच्या रिवाजाप्रमाणे ओंडका पेटवला. पेटीशेजारी ठेवायला लग्नातला जुना फोटो निघाला, त्यातली लेओनोर अर्ध्या लोकांना ओळखूही आली नाही. रोवेनाला येता आलं नाही. फोनवर ती ज्या आवाजात रडली तो मला अजून ऐकू येतो. नवव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर तिनं विचारलं, "तातांग, झगा घालून फोटो काढायचा म्हणाली होती. काढला होतात ना? पाठवा ना. माझ्याकडे तिचं काहीच नाही."

मानोंग आज-उद्या करत दिवस ढकलत होते. शेवटी मीच भांडले.

"जे आहे ते पाठवा."

"शपथ घेतलीय."

"मेलेल्या बाईची लाज राखाल आणि जिवंत पोरीला तडफडत ठेवाल? आई आहे तिची! केस असोत नसोत, पोर आईचा चेहरा बघेल, का टक्कल बघत बसेल?"

मी हे म्हटलं, आणि आजही पुन्हा म्हणेन. ते मला बरोबर वाटतं. त्यांनी फोटो पुसले नव्हते, यातच काय ते आलं. एकच निवडला, त्यात लेओनोर हात वर करून हसतेय. इतका सुंदर फोटो त्यांनी जन्मात काढला नव्हता. इंटरनेटच्या दुकानात जाऊन पाठवला. खाली काही लिहिलं नाही. काय लिहिणार?

रोवेनाचा फोन आला तेव्हा मानोंग माझ्या गाडीपाशीच बसले होते. त्यांचा फोन असा की पलीकडचं बोलणं रस्त्याला ऐकू जावं.

"तातांग, हा कुणाचा फोटो पाठवलात?"

मानोंगांचा चेहरा मी बघितला. बघायला नको होता.

"तातांग? ही बाई कोण? स्टुडिओतला पडदा दिसतोय मागे. कार्डांची अदलाबदल झाली वाटतं तुमची."

मी फोन ओढून घ्यायला हात पुढे केला. ओरडून सांगणार होते की नीट बघ गं, डोळे बघ. मानोंगांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

"हो गं," ते म्हणाले. "अदलाबदल झाली. गिऱ्हाइकाचा आहे."

"आजारी दिसते बिचारी."

"होती."

"गेली?"

"गेली."

ती मग म्हणाली, "आणि नानांगचे?"

"नाहीत. कार्ड खराब निघालं. सगळे गेले."

"तुमच्याकडून?" तिचा आवाज फाटला. "अख्ख्या गावात कुणाचा एक फोटो कधी हरवला नाहीत, आणि माझ्या आईचे हरवलेत?"

"हो."

एवढंच. ना जत्रेतलं कार्ड सांगितलं, ना काळी पट्टी. पलीकडे ती रडत होती. मानोंग फोन कानाला लावून बसून राहिले. तेलात माझी एम्पानादा जळून काळी झाली, मला सुचलं नाही काढायला.

रडणं ओसरल्यावर रोवेना म्हणाली, "तो दुसरा फोटो तरी सांभाळून ठेवा, तातांग. त्या बाईच्या घरच्यांना द्या. तिला मुलं असतील."

"एक मुलगी आहे," मानोंग म्हणाले.

"मग तिला द्या. नक्की द्या हं."

"देतो, बाळा," म्हणाले.