बरणीवरची साय

फारशी बियर न पिताच बियरसाठी बदनाम झालेला माणूस आमच्या बालाघाट जिल्ह्यात एकच झाला, आणि तो माझा साडू होता. उकव्याच्या खाणीच्या कचेरीतून रिटायर होईपर्यंत त्यांनी पानसुद्धा खाल्लं नव्हतं. मग लेकीकडे बेल्जियमला एक उन्हाळा काढून आले, ते वेगळेच होऊन आले. दोन घोट घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि उरलेली बाटली कढीपत्त्याच्या मुळाशी. ताई, म्हणजे माझी मेहुणी, म्हणायची, घरात खरा बेवडा हा कढीपत्ता.

तिकडे मठातले साधूच बियर गाळतात, हे त्यांनी आल्या आल्या सांगितलं आणि ताईनं कानांवर हात ठेवले. "साधूच्या हातची आहे, म्हणून पिणाऱ्याले घाई नसते," ते शांतपणे म्हणाले. तिथे प्रत्येक बियरचा पेला वेगळा असतो. मठाच्या दाट काळ्या बियरला पसरट, चेरीच्या आंबट बियरला उंच, निमुळता. बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळून त्यांनी पेलेच आणले होते. किरनापूरच्या एका लग्नात गच्चीवर पोरांनी प्लॅस्टिकच्या गिलासात बर्फगार बियर पुढे केली, तर यांनी खांद्यावरच्या झोळीतून आपला पेला काढला आणि बाटली उन्हात ठेवायला सांगितली. "इतक्या थंडीत तिले बोलता येत नाही." पोरं पुढे वर्षभर त्यांना 'बेल्जियम मामाजी' म्हणत होती.

चेरीच्या बियरनं मात्र त्यांना झपाटलं. त्या प्रकारात बियर आंबवणारं खमीर विकत आणत नाहीत. जवाचं उकळलेलं पाणी थंडीच्या दिवसांत उघडं ठेवतात, हवेतलं खमीर आपण होऊन येऊन बसतं, मग फळं घालून महिनोन्महिने वाट पाहायची. "आपल्या हवेत काय कमी आहे?" असं म्हणत त्यांनी थंडीत गच्चीवर जव मोडवले आणि त्यांचं उकळलेलं पाणी रात्रभर उघडं ठेवलं. शेजारीण विचारत आली, नवरात्र नसताना जवारे काहून पेरले? पुढे उन्हाळा सरता सरता लाम्त्याच्या बाजारातून जांभळं आली आणि सगळं गेलं ताईच्या कैरीच्या लोणच्याच्या मोठ्या बरणीत. त्या वर्षी ताईनं लोणचंही घातलं नाही आणि बोलणंही बेताचंच ठेवलं. लेक येईल तेव्हा उंच पेल्यात तिला आपल्या जांभळाची पाजायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पावसाळा संपला आणि त्यांच्या पोटात गाठ निघाली. नागपूरला जाताना गाडीत बसले, पुन्हा उतरले आणि मला म्हणाले, "साडूभाऊ, बरणीकडे लक्ष ठेवजा."

मी ठेवलं. फडकं वर केलं तर पांढरी साय धरलेली. लोणच्यावर अशी साय आली की माझी आई काय करायची ते मला पाठ होतं. उकळत्या पाण्यातून काढलेल्या पळीनं मी ती अलगद उचलली आणि बरणीला उन्हं दाखवली. पुन्हा धरली, पुन्हा काढली. आजारी माणसाला सायीसाठी कशाला फोन करायचा, असं वाटलं. एवढी चोख सेवा मी आयुष्यात कोणाची केली नसेल.

डॉक्टरांनी त्यांना घरी पाठवलं ते का, हे सगळ्यांना कळलं होतं. लेक आली. तिनं उंच पेला पुसून आणला. मी बरणी पलंगाजवळ सरकवली. त्यांनी फडकं काढून वास घेतला. सिरक्याचा, व्हिनेगरसारखा आंबट भपका मलाही आला.

"साय काढली काय?"

"हौ. ऊनही दाखवलं."

"तेच तिचं झाकण होतं, बापू. तिच्याखाली बियर जगते. वारं लागलं का आंबून जाते." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "बरणी लोणच्याची. तुमचा काय दोष? मीच सांगाले पाह्यजे होतं."

लेकीनं पेला पुढे केला होता. त्यांनी तो हातानं बाजूला सारला. "हे प्यायचं नोहे बेटा. तुह्या आईच्या शुगरसाठी जांभळाचा सिरका घातला मी."

वर्षभर त्या बरणीला शिव्या देणारी ताई दारात उभी होती. ती तिथेच खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ते गेले. स्मशानात एक जण दुसऱ्याला सांगत होता, दारूनं गेला. मी शेजारीच उभा होतो.

ताई रोज सकाळी चमचाभर सिरका घेते. उंच पेल्यात ओतून, पाणी घालून. तो तिच्यासाठीच घातला होता, यापेक्षा वेगळं कुणी सांगायला गेलं तरी ती ऐकणार नाही. गेल्या वर्षी बरणी रिकामी होत आली. "तुम्हाले त्यायचं सारं माहीत आहे, एकदा करून द्या," असं ती म्हणाली, म्हणून गेल्या थंडीत मी जव मोडवले. उन्हाळ्याअखेर दुसऱ्या बरणीत लाम्त्याची जांभळंही घातली.

काल फडकं वर केलं. साय धरली आहे, पांढरी, अखंड. ताईला सिरका हवा असेल तर ती काढावी लागेल. पळी उकळून घेतली, बरणीपाशी गेलो, आणि फडकं पुन्हा बांधून आलो.