बेडूक ऐकतात म्हणून

आल्व्हिनानं आयुष्यभर रिझर्व्हवरच्या, म्हणजे आदिवासींच्या राखीव वस्तीतल्या, शाळेत सूप ढवळलं. हिवाळ्याच्या संध्याकाळी ती घरी जमलेल्यांना गोष्ट सांगायची. गोष्ट एकच, पण लांबलचक, कित्येक संध्याकाळी पुरणारी. आपलं तळं कसं झालं, त्यात बेटं कुणी भिरकावली, आपली माणसं त्याच काठाला का राहिली. हे सगळं ज्यानं केलं त्याचं नाव बर्फ पडल्याशिवाय कुणी घेत नाही. तोवर बेडूक जागे असतात, ऐकतात.

शरदात, तळ्यातला जंगली तांदूळ झोडून घरात आला त्या दिवसांत तिची भाची जॉर्जेट शहरातलं शिक्षण संपवून परतली. तिनं लाल फडक्यात बांधलेली तंबाखू आत्याच्या हातात ठेवली आणि अख्खी गोष्ट मागितली. आल्व्हिनानं तंबाखू घेतली. घेतली म्हणजे सांगायला बांधली गेली.

मग तिची फुप्फुसं थकली. नाकात ऑक्सिजनची नळी आली. डिसेंबर उजाडला, तळं गोठलं, पण बर्फ पडेना, जमीन काळीच. जॉर्जेट रोज सकाळी आधी आभाळ बघायची, मग आत्याकडे. आल्व्हिना बाकी सगळं बोलायची: कुणाचं कुणाशी जमलं, कुणाच्या घरचं मूस हरणाचं मटण चामड्यासारखं लागलं. एकदा जॉर्जेटला राहवलं नाही. थंडीनं बेडूक केव्हाच झोपले असतील, ती म्हणाली.

"त्यांना विचारून आलीस?" आल्व्हिना म्हणाली.

शेवटी गोष्ट ऐकायला येणाऱ्यांपैकी लायलनं मनावर घेतलं. बर्फावरच्या हॉकीच्या मैदानाचा बर्फ तासायचं यंत्र तो चालवायचा. तासलेल्या बर्फाचा ढीग पिकअपमध्ये भरून तो मेव्हण्यांना घेऊन आला. शेजारची बर्नडीन हुकूम सोडत होती. सगळ्यांनी मिळून आल्व्हिनाच्या खिडकीखाली बर्फ पसरला.

"मावशी, बर्फ पडला," लायल आत येऊन गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

आल्व्हिना नळी ओढत खिडकीशी गेली. बराच वेळ बघत राहिली.

"लायल, ह्यात तुझ्या हॉकीवाल्यांची थुंकी आहे रे."

ती खोकला येईस्तोवर हसली. सगळे हसले. फक्त जॉर्जेट हसली नाही.

"म्हणजे सांगणार नाहीस?"

"नाही गं."

मग तिनं लाल फडक्याची गाठ सोडली. लायलच्या तळहातावर चिमूटभर तंबाखू ठेवली. मग मेव्हण्यांच्या. मग बर्नडीनच्या. हसणं थांबलं.

"मला काय येतंय, मावशी? मी नुसता ऐकायला यायचो. झोपायचोसुद्धा."

"घेतलीस ना?"

लायलची मूठ कधी मिटली हे त्यालाच कळलं नव्हतं. जॉर्जेटच्या हातात आलं ते रिकामं फडकं.

आल्व्हिना गेली तेव्हाही जमीन काळीच होती. रीतीप्रमाणे चार दिवस तिच्यासाठी आग तेवत ठेवली, मग तिला पुरलं. बर्फ त्यानंतर पडला. त्याच संध्याकाळी सगळे तिच्या घरी आले, न बोलावता, बूट आपटत. लायल खुर्चीच्या कडेवर टेकला.

मग त्यानं ते नाव घेतलं.

जॉर्जेट कान देऊन ऐकू लागली. शब्द लायलचे होते, पण थांबायच्या जागा आत्याच्या. तो अडला तिथून मेव्हण्यानं उचललं. त्या दिवशी वारा उलट्या बाजूनं होता, बर्नडीननं मध्येच सुनावलं. सगळी गोष्ट एकालाही येत नव्हती, आणि तिच्यात काहीच कमी नव्हतं. जॉर्जेट बारीकशी होऊन बसून राहिली. ह्या माणसांना ती जन्मापासून ओळखत होती.

गोष्टीतलं बेट हवेत उचललं गेलं आणि लायल थांबला.

"इथे मावशी चहा प्यायची."

तो काही गोष्टीचा भाग नाही, असं बर्नडीनचं म्हणणं.

"मला काय माहीत? तंबाखू देताना तिनं ते वेगळं काढलं नव्हतं."

जॉर्जेट उठली, किटली चढवली. सगळ्यांनी सावकाश चहा संपवला. तेवढा वेळ बेट तसंच वर राहिलं.

मग ते पाण्यात पडलं.