सारंग मोटार तपासतो

कप खाली ठेवा आधी. मागे हीच फजिती सांगताना एकाला असा ठसका लागला की चहा नाकातून आला, आणि त्याची बायको मलाच बोलली. तेव्हा आधी ऐका, चहा नंतर घ्या.

मी धरमतरच्या खाडीत बार्जवर सारंग होतो. सारंग म्हणजे बार्जचा मालक नव्हे, पण मालकाच्या वरचा. मालक बंदरावर छत्री घेऊन उभा राहणार, बार्ज चालवणार मी. तीस वर्षं माल नेला आणि आणला. आता अशा माणसाला मोटार शिकायला किती वेळ लागावा, तुम्हीच सांगा. मोटार म्हणजे काय, चार चाकांचा डबा. रस्त्याला भरती नाय, ओहोटी नाय, खाली गाळ नाय. रात्री जिथं होता तिथंच सकाळी सापडतो. त्यावरून डबा नेण्याला लोक ड्रायव्हिंग म्हणतात आणि वर क्लास लावतात.

काम सोडल्यावर मी नवी गाडी घेतली, आणि हे सगळं व्याह्यांसमोर बोललो. तिथंच घोडं अडलं.

आमची मुलगी मनीषा रोह्याला दिलेली. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या व्याह्यांनी, जन्मभर कंपनीची बस चालवली. शिफ्टची माणसं न्यायची, शिफ्टची माणसं आणायची. गुरं चरायला नेतात त्यातलंच काम, फक्त ही गुरं जेवणाचा डबा घेऊन बसतात. पण ऐट बघाल तर विमान चालवल्याची.

ते चारचौघांत म्हणाले, "सारंगसाहेब, पाण्यात धडकलात तरी कोण बघत नाय. रस्त्यावर लोक बघतात. या वयात नका नादी लागू."

माझं डोकं सटकलं. मनीषाला दिवस गेले होते, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलेलं. मी तिथंच जाहीर केलं, "सातव्या महिन्यात पोरीला न्यायला येईन तो माझ्या गाडीतनं. आणि चालवीन मी."

मनीषा म्हणाली, "बाबा, ट्रेन आहे ना. पेणला उतरलं की झालं."

"तू गप गो," मी म्हटलं.

झालं. शब्द तोंडातून गेला. आता लायसन मिळालं नाय तर रोह्यात तोंड दाखवायची सोय उरली नव्हती.

पेणला क्लास लावला. मास्तर माझ्या जावयाच्या वयाचा. शर्टाच्या खिशाला लोक पेन लावतात, हा टायरची हवा मोजायची नळी लावायचा. मला वाटलं पहिल्याच दिवशी गाडी हातात देईल. कसलं काय. म्हणाला, "काका, आधी गाडीभोवती फेरी मारा."

"का? लगीन लावायचंय काय तिच्याशी?"

"तपासायला. टेस्टला पहिलं हेच विचारतात. चारी टायरची हवा बघायची, खाली तेल गळतंय का ते वाकून बघायचं. पुढले मागले दिवे, सिग्नल. मग आत बसून सीट, आरसे, पट्टा, हॉर्न, वायपर. आणि हे रोज करायचं, गाडी चालू करायच्या आधी."

मी त्याला पेचात धरला. "आणि ब्रेकलाइट? ब्रेकवर पाय माझा, दिवा मागं. मी बघणार कसा?"

"त्याला कोणाला तरी मागं उभं करायचं. नायतर भिंतीजवळ लावून भिंतीवर लाल उजेड पडतो का ते आरशात बघायचं."

भिंतीचं मी ऐकलंच नाय. कोणाला तरी मागं उभं करायचं, एवढं ऐकलं आणि मला हसू फुटलं. हे शिकायला मी क्लास लावला? आमच्या बार्जवर दुसरं काय चालतं? सारंग केबिनमध्ये चाक धरून उभा. समोर मालाचा ढीग, पलीकडलं काही दिसत नाय. सारंगानं ओरडायचं, "पुढं?" पुढल्या टोकावरचा खलाशी ओरडणार, "साफ हाय!" "मागं?" मागला ओरडणार, "साफ हाय!" संपली तपासणी. सारंगच वाकून बघायला लागला तर खलाशांनी काय पत्ते कुटायचे?

तेव्हा मी ठरवलं, तपासणी आपण आपल्या पद्धतीनं करायची. घरी खलाशी एकच, आमची मंडळी, यमुना.

संध्याकाळ झाली की अंगणात उभ्या गाडीत मी पट्टा बांधून बसायचो. ती ओट्यावर सुकी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसलेली असायची.

"डावा सिग्नल?"

"हाय."

"उजवा?"

"हाय."

"मागल्या टायरला हवा?"

"हाय."

पहिल्या दिवशी ती एकदा "नाय लागत दिवा" म्हणाली होती. मी तिला असं झापलं की शेजारचे कवाड लावून बसले. नाय लागत म्हणजे काय, बटण मी दाबलंय, गाडी कोरी करकरीत, तुझ्याच डोळ्यांवर पडदा आलाय. त्यानंतर कधी "नाय" ऐकलं नाय. खलाशी असाच तयार करावा लागतो.

पुढं पुढं तर ती मान वर न करता उत्तर द्यायची. मी म्हटलं, बाईचा हात बसला. एकदा मी पेट्रोल विचारलं. पेट्रोलचा काटा माझ्याच नाकासमोर, तिला ओट्यावरून काय दिसणार? पण ती म्हणाली, "हाय." मला कौतुक वाटलं. तुम्हाला इथं शंका आली असेल. मला आली नाय.

मास्तरला हे सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. "काका, एकदा स्वतः उतरून बघा हो."

"तुमी मला रिव्हर्स शिकवा," मी म्हटलं. "बघायचं काम खलाशाचं."

टेस्टचा दिवस आला. क्लासची गाडी चालली असती, पण ती पत्र्याची पेटी घेऊन मी कशाला जातोय? माझी नवी गाडीच न्यायची म्हटलं. शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला लागतो म्हणून मास्तर सकाळी आमच्या गावात येऊन बसला. मागच्या सीटवर आमची मंडळी, डोळे मिटून देवाचं नाव घेत. बाहेरचे आरसे मी आत दुमडलेले, फाटकाला घासायला नकोत म्हणून. आतला आरसा मंडळीनं कुंकू नीट करायला स्वतःकडे वळवून घेतलेला.

"मागं?" मी विचारलं.

"साफ हाय," मागून आवाज आला. डोळे मिटलेलेच.

निघालो. निघताना काहीतरी तुटल्यासारखा झटका बसला. मास्तर म्हणाला, "काका, काय अडकलं काय?" मी म्हटलं, "नवी गाडी आहे, जोर आहे तिच्यात."

पेणच्या रस्त्याला लागलो आणि काय सांगायचं, लोक वळून वळून बघायला लागले. एक मोटारसायकलवाला बरोबरीला आला, हात हलवून काहीतरी ओरडला. मी पण हात हलवला. शाळेची पोरं टाळ्या वाजवत होती. एसटीतली माणसं खिडकीतून बोट दाखवत होती. मी मास्तरला म्हटलं, "बघितलं? आयुष्यात नवी गाडी बघितली नाय लोकांनी. जळतात नुसते." मास्तर म्हणाला, "मागनं कसला तरी आवाज येतोय." मी म्हटलं, "बार्जला पण यायचा."

टेस्टच्या मैदानावर रांग होती. तपासायला एक मॅडम. आमची मंडळी उतरून रांगेतल्या माणसांबरोबर झाडाखाली जाऊन बसली. माझा नंबर आला.

मॅडम म्हणाल्या, "उतरा. गाडी तपासून दाखवा."

"बसूनच दाखवतो. सारंग जागा सोडत नाय."

"कोण सारंग?"

"मी."

"इथं तर काशिनाथ लिहिलंय."

आता या बाईला काय समजवायचं? मी काच खाली केली, मान ताठ केली आणि खाडीच्या पलीकडं जाईल असा आवाज लावला, "पुढल्या टायरला हवा?"

झाडाखालून यमुना ओरडली, "हाय!"

"सिग्नल?"

"हाय!"

मॅडमनी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. रांगेतल्या टारगटांना मात्र खेळ सापडला. मी म्हटलं, "मागल्या टायरला हवा?" तर यमुनेबरोबर आठ-दहा गळे ओरडले, "हाय!" मला वाटलं, वा, माणसं किती लवकर शिकतात. मास्तर हळूच गाडीतून उतरला आणि माझी ओळख नसल्यासारखा लांब जाऊन उभा राहिला.

मॅडम चालत गाडीच्या मागं गेल्या. वाकून बघितलं. मग विचारलं, "मागं काय बांधलंय?"

"काय नाय मॅडम," मी म्हटलं, आणि खात्रीसाठी ओरडलो, "मागं?"

अख्खं मैदान ओरडलं, "साफ हाय!"

"तुम्ही जरा स्वतः येऊन बघता का?"

उतरलो. पट्टा सोडायचा राहिला, म्हणून अर्धा बाहेर आणि अर्धा आत लोंबलो. तिथून सुटलो आणि मागं गेलो.

गाडीच्या मागल्या हुकाला आमच्या अंगणातली वाळवणाची दोरी. गाडी महिनाभर जागची हलली नव्हती, म्हणून मंडळीनं तिचा खांब करून टाकलेला. दोरीला थोडे बोंबील उरलेले, बाकीचे पेणच्या रस्त्याला वाटत आलो होतो. बोंबलांच्या शेजारी माझं बनियन, घरातलं, भोकांचं. आणि दोरीच्या टोकाशी दोन कुत्रे, कुठून पाठीमागं धावत आलेले कोण जाणे, जिभा बाहेर काढून बसलेले. मागला उजवा टायर खिळा घुसून जमिनीला टेकलेला. मॅडमनी मास्तरला बोलावून ब्रेक दाबायला लावला. डावा दिवा पेटलाच नाय.

मी यमुनेला हाक मारली. "मागं साफ हाय म्हणालीस ना तू?"

"म्हटलं."

"बघितलं नाय?"

"मी कधी बघते?" ती शांतपणे म्हणाली. "तुमी विचारता, मी हाय म्हणते. एकदा नाय म्हटलं त दोन दिवस तुमचं तोंड वाकडं व्हतं."

रांगेतली माणसं जमिनीवर बसून हसत होती. मॅडम हसल्या नाहीत, तेवढं मानायला पाहिजे. म्हणाल्या, "गाडी तुम्ही चालवणार ना? मग बघायचं पण तुम्ही. नापास. आठवडा जाऊ द्या, मग या."

आठवडा जाऊ द्या. आणि मनीषाला आणायचा दिवस दोन दिवसांवर. व्याही मुहूर्त हलवायला तयार होणार नाहीत, आणि कशासाठी हलवायचा ते मी सांगणार नाय.

तेव्हा मी आणि मंडळी पेणहून ट्रेननं रोह्याला गेलो. नवी गाडी घरी, पंक्चर काढून. व्याह्यांच्या कानावर सगळं आधीच गेलेलं, बोंबलासकट. पण ते एक अक्षर बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ओटी भरून झाल्यावर एवढंच म्हणाले, "अवघडलेली पोर ट्रेनमधून कशाला न्यायची. मी सोडतो तुम्हाला."

म्हणजे पोरीला माहेरी आणणार ते, त्यांच्या गाडीतून, आणि मी मागच्या सीटवर मांडीवर पापडाचा डबा घेऊन. गाडी त्यांची जुनी, पण इतक्या वर्षांत एक ओरखडा नाय. सांगतात येणाऱ्या-जाणाऱ्याला, न विचारता. निघायच्या आधी त्यांनी गाडीला अख्खी प्रदक्षिणा घातली. टायरला लाथ मारली, खाली वाकले, दिवे लावून बघितले. देवळात सुद्धा कोण एवढं मन लावून फिरत नाय. मी खिडकीतून दुसरीकडं बघत होतो. माझा जळफळाट चालला होता, खोटं कशाला बोलू.

मनीषा पुढं बसली. अंगणातून गाडी मागं घ्यायची होती. व्याह्यांनी गिअर टाकला आणि अगदी आदरानं विचारलं, "सारंगसाहेब, मागं?"

"साफ हाय," मी म्हटलं.

धाड.

कोणाला काही लागलं नाय, वेग तो कितीसा. पण मागला दिवा फुटला आणि डिकीला असा खड्डा पडला की त्यात करंदी वाळत घालावी. मागं फाटकाचा खांब होता. काल रंगवलेला. आता रंग गाडीला.

व्याही उतरले, बघितलं, परत येऊन बसले. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मागं बंदरातला माणूस बसलाय, म्हणून आरशात बघितलंच नाय मी."

मनीषानं मान वळवली. "बाबा, तुम्ही मागं बघितलं होतंत ना?"

यमुना माझ्याकडं बघत होती. तिला उत्तर ठाऊक होतं.

तीस वर्षं सारंग म्हणून मिरवलो, बार्ज एकदा पण कुठं धडकली नाय. ते कोणामुळं, हे विचारायचं कधी सुचलं नाय. आणि खलाशाचं काम जन्मात एकदाच वाट्याला आलं, एका हाकेपुरतं, तर व्याह्यांची गाडी खांबावर घालून मोकळा झालो.