मांडवात मामा हवा

माझ्या लग्नाच्या ऐन तयारीत आमच्या आबांचं आणि मामांचं बोलणं बंद झालं. कशावरून, तर युनियनवरून. शेताच्या बांधावरून नाही, दागिन्यांवरून नाही, मानपानावरून नाही. युनियनवरून! आज कोणाला सांगितलं तर लोक हसतात. मला तेव्हा हसू येत नव्हतं. दोघांना एका खोलीत कोंडावं आणि किल्ली तापीत फेकावी असं वाटत होतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही सुरतला नवागामात एका खोलीत राहायचो. आबा लूमवर, म्हणजे कापडाच्या यंत्रमागावर, कारागीर. धुळ्याकडून पत्र्याची पेटी घेऊन आले तेव्हा मी आईच्या मांडीवर होते. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ते राहायचे सुरतजवळ चलथाणला आणि तिथून पुढच्या एका साखर कारखान्यात कायम नोकरीला होते. तिथे युनियन होती, बोनस होता, आणि मामा कमिटीवर होते. सुट्टी असली की पॅसेंजरने यायचे. चपला काढता काढताच विषय काढायचे. आबाही जणू त्यांचीच वाट बघत बसलेले.

आबांचं म्हणणं ठरलेलं. सुरतचं वाटोळं बाहेरच्यांनी केलं. उडिया आले, भय्ये आले, कमी भावात लूम चालवायला तयार झाले आणि शेठने मीटरचा भाव पाडला. मामा चहा फुंकत विचारायचे, दाजी, तुम्ही काय इथे तापीकाठी जन्मले का? त्यावर आबांचं उत्तर असं की आपण शेजारचे, रात्री गाडीत बसलं की सकाळी गावात. म्हणजे तिकीट स्वस्त असलं की माणूस इथला, महाग असलं की बाहेरचा. हे मी एकदा बोलून दाखवलं तर दोघांनीही मला आत जाऊन भात बघायला सांगितलं. तेवढ्यापुरतं त्यांचं एकमत झालं.

बरं, आबांच्या लुमांवर दुसऱ्या पाळीला येणारा माणूस उडियाच होता. आबांना टायफॉइड झाला तेव्हा त्याने आपली पाळी करून आबांचीही ओढली, त्यांच्या लुमांवर दुसऱ्या कोणाला उभं राहू दिलं नाही. आबा त्याचं नाव निघालं की म्हणायचे, त्याची गोष्ट वेगळी. त्याचा भाऊ आला, त्याचीही गोष्ट वेगळी. कोपऱ्यावरचा उडिया खानावळवाला आबांना उधारीवर जेवू घालायचा, तोही वेगळा. मग भाव पाडणारे ते उडिया नेमके कोणते, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

मामाही काही कमी नव्हते. एकट्या माणसाने मागितलं तर शेठ चहा पाजून घरी पाठवतो, दहा जणांनी मागितलं तर खुर्ची देतो, असं ते छान सांगायचे. मलाही ते पटायचं. पण आबांनी विचारलं की मग ऊसतोडीला येणाऱ्यांना तुमच्या युनियनमध्ये का घेत नाही, तर मामा म्हणायचे, ते सीझनपुरते येतात, त्यांचं वेगळं आहे. झालं, ह्यांचंही वेगळं! आई पोळ्या लाटत ऐकायची आणि तव्यावरून नजर न हलवता म्हणायची, "भांडी ल्या पोटभर, मंग जेवाले बसा." आधी पोटभर भांडून घ्या, मग जेवायला बसा.

तर त्या वर्षी उन्हाळ्यात माझी सुपारी फुटली. मुलगा इच्छापोरला एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होता. घर मोठं, सासू-सासरे, दोन दीर, दोन जावा. लग्न तुळशीचं लग्न झाल्यावर. आणि मध्ये आला पंधरा ऑगस्ट.

मामांना सुट्टी होती, पगारी. ते दुपारीच येऊन बसले. आबा संध्याकाळी पाळी करून आले, खिशाला कागदी झेंडा टोचलेला, हातात बुंदीच्या लाडवांचा पुडा. खात्यात, म्हणजे त्यांच्या लूमच्या कारखान्यात, शेठने सकाळी झेंडा फडकवला, भाषण केलं, लाडू वाटले आणि लूम चालू केल्या. आबा खूश होते. शेठने म्हणे सांगितलं होतं की आज काम करणं हीच देशसेवा.

मामांनी ताटावर बसल्या बसल्याच सुरू केलं. आजची सुट्टी कायद्याने पगारी असते, ती तुमच्या शेठने खाल्ली आणि वर तुमच्याकडून टाळ्या वाजवून घेतल्या. आबा म्हणाले, एक दिवस देशासाठी राबलं तर काय हात झिजतात? मामा म्हणाले, देशासाठी की शेठसाठी, ते आधी ठरवा. मग आबांचा आवाज चढला. तुम्ही लोकांनी संप करून चालत्या गिरण्यांना टाळं लावलं, तुम्हाला देश काय माहीत, देशद्रोही तुम्ही. आई म्हणाली, आते बस करा. कोण ऐकतंय?

मामा शांतपणे बोलले, तेच वाईट झालं. "दाजी, लाडवावर विकल्या गेलेल्या माणसाने मला देश शिकवू नये."

आबांनी दाराकडे हात केला. "ऊठ. पुन्हा माझ्या घरात पाय ठेवू नको."

मामा भरल्या ताटावरून उठले. आई दारापर्यंत धावली, पण ते थांबले नाहीत. तिने ते ताट झाकून ठेवलं आणि रात्री कोणीच जेवलं नाही. आबांनी खिशाचा झेंडा मात्र नीट काढून देव्हाऱ्यात ठेवला. देशाशी त्यांचं भांडण नव्हतं ना!

आता माझं काय, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो. हाताला धरून आणायचं, अंतरपाटाजवळ उभं करायचं आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत पाठीशी उभं राहायचं. आजोबा-आजी कधीच गेलेले. आईला माहेर म्हणून एवढा एकच माणूस, आणि मला मामा म्हणून तोच. त्याच्याशिवाय मी मांडवात गेले असते तर इच्छापोरच्या लोकांनी पहिल्याच दिवशी ओळखलं असतं की हिच्या मागे कोणी नाही. जावांना तेवढं पुरे असतं.

दिवाळीनंतर मामांचा निरोप आला. साखरेचा सीझन सुरू झालाय, रजा मिळत नाही. आबांना इतका आनंद मी क्वचितच पाहिला. म्हणाले, बघा, युनियन असून भाचीच्या लग्नाला रजा मिळत नाही. आणि चार लोकांना सांगत फिरले. अहो, तुमच्या पोरीचं लग्न आहे, तुम्ही जिंकलात कशात?

शेवटी मी आणि आई चलथाणला गेलो. मामांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मामीला शिरा करायला लावला, आणि मग म्हणाले की प्रश्न तत्त्वाचा आहे. दाजींनी यावं, शब्द मागे घ्यावा, मी आत्ता निघतो. मामी आतूनच म्हणाली, तत्त्व घाला चुलीत, मी लग्नासाठी घेतलेली साडी कुठे नेसू? मामा तिच्यावर ओरडले. आईने शिरा खाल्ला नाही. परतीच्या गाडीत ती उधना येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसली. मला मामांचा राग आला, आबांचा आला, आणि कधी न पाहिलेल्या त्या शेठचाही आला.

आबांनी यावर तोडगा काढला. मानलेला मामा उभा करू. कोण? तर तोच, दुसऱ्या पाळीचा उडिया! माणूस सज्जन आहे, म्हणाले, नवा सदरापण आहे त्याच्याकडे. ज्यांना सुरतमधून हाकलायचं त्यांच्यातला एक पोरीच्या मागे उभा करायचा, यात आबांना काही म्हणजे काही वावगं वाटेना. माझी त्या माणसाला ना नव्हती. त्याने आनंदाने केलं असतं. पण आईने लाटणं खाली ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "मना भाऊ जिता शे." माझा भाऊ जिवंत आहे. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी हळद. गल्लीत मांडव घातलेला. मी पाटावर बसलेली, बायका हळद लावतायत, आणि पलीकडे गावाकडून आलेल्या पाहुण्यांना आबा तेच पुराण सांगतायत. बाहेरचे येतात, कमी घेऊन जास्त राबतात, घरच्यांचा भाव उतरतो. बाहेरून आलेल्याने मान खाली घालून राहावं, हक्क मागू नये. पाहुणे माना डोलावत होते. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. हळदीच्या अंगाने मी उठले आणि आबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आबा, उद्या मी बाहेरची होणार. त्या घरात मी सगळ्यांत शेवटी जेवणार आणि सगळ्यांत जास्त राबणार. मीही मान खाली घालून राहायचं का? आणि माझ्यावर कोणी हात उचलला, तर माझ्या बाजूने बोलायला कोण येईल? जो आला असता त्याला तुम्ही ताटावरून उठवलं."

मग आत्या धावली, हळदीची नवरी अशी पुरुषांत जाते का, म्हणून मला दंडाला धरून ओढत आत नेलं. आबा उठले. टोपी घातली, चपला घातल्या आणि गल्लीतून निघून गेले. चहाच्या टपरीवर गेले असतील असंच सगळ्यांना वाटलं. जेवायच्या वेळेलाही आले नाहीत तेव्हा बायका मला बोलू लागल्या. तोंडाळ पोर, बापाला चारचौघांत घालवून बसली. आई मात्र माझ्याजवळून हलली नाही.

सकाळी मला चुडा भरत होते तेव्हा गल्लीच्या तोंडाशी भांडणाचा आवाज आला. आबा म्हणत होते, पॅसेंजर उशिरा आली ती रेल्वेच्या युनियनमुळे. मामा म्हणत होते, दाजी, सिग्नल पडला नाही त्याला युनियन काय करणार? आई हातातलं ताम्हण तसंच टाकून बाहेर पळाली. मागे मामी होती, ती साडी नेसून.

मामांनी मला हाताला धरून मांडवात आणलं. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मामा माझ्या मागे उभे होते, त्यांचा तळवा माझ्या पाठीवर. मला राहवेना. मी खाली बघतच विचारलं, आबांनी माफी मागितली का?

"छे. दाजी माफी मागतात का?"

"मग तुम्ही आलात कसे?"

समोर आबा अक्षता हातात घेऊन उभे होते, टाकायच्या विसरून. मग मामा माझ्या कानाशी वाकले.

"रात्री माझ्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर येईनात. म्हणे, गाव सुटलं, पोरगी उद्या जाते. एवढ्या मोठ्या सुरतमध्ये मला भांडायला तुझ्याशिवाय कोण आहे?"