शेठजींचा अंगठा

मोबाइलवर एक तरुण विनोदवीर हात जोडून माफी मागत होता. त्याचा कुठलासा विनोद कुणाला तरी लागला होता आणि त्यावरून गदारोळ उठला होता. मी बोब्या खात ते बघत होतो. त्याच पिवळ्या, पोकळ नळ्या, ज्या लहानपणी बोटांत घालून आम्ही एकेक कुरतडायचो.

आमच्या गावात बोब्या गोविंदशेठजींच्या दुकानात मिळायच्या. एका गणपतीत माझ्या वसंतमामाने मांडवात त्यांची नक्कल केली. साखर तोलताना शेठजी गोड गोड बोलतात आणि त्यांचा अंगठा हळूच पारड्यावर कसा टेकतो, ते त्याने असं काही दाखवलं की अख्खा मांडव हसून लोळला. शेठजी पहिल्याच रांगेत होते. ते हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी भीतभीतच बोब्या आणायला गेलो. शेठजींनी तराजू उचलला, अंगठा उंच धरला आणि म्हणाले, "मामाला सांग, अंगठा वर आहे म्हणावं."

पुढे त्या कार्यक्रमाची कॅसेट सगळ्यांत जास्त वाजली ती त्यांच्याच दुकानात. नवं गिऱ्हाईक आलं की ते आवाज मोठा करायचे. "ऐका, हा मी. आपल्या वसंताने केलाय." कॅसेटमध्ये अंगठा दिसायचा नाही, म्हणून तेवढं ते स्वतः करून दाखवायचे.

मी त्या गावचा आहे, हे अजून छाती काढून सांगतो.

पडद्यावरच्या पोराचे हात जोडलेलेच होते. मी चार बोटांत बोब्या घातल्या आणि अंगठा मोकळा ठेवला.